कढईपासून दूर

"बाबा, हात अजून वर जातो का?"

"नही जास," पितांबरशेठ म्हणाले. "इथलगूनच."

करणसिंगने तो हात हळूच खाली ठेवला आणि खांद्याच्या वाटीत कोमट तेल सोडलं. तेल मानेकडे ओघळलं. लाकडी द्रोणीत उताणं पडलेल्या पितांबरशेठना भारी लाज वाटत होती. अंगावर फक्त एक लंगोट, आणि पन्नाशीचा हा अनोळखी माणूस आपलं अंग चोळतोय. आयुष्यात आईनंतर कुणी त्यांना तेल लावलं नव्हतं.

करणसिंगची बोटं कोपराखाली आली आणि थबकली. तिथून मनगटापर्यंत कातडीवर पांढुरके ठिपके होते, काही जुने, काही अजून तांबूस.

"हे कशाचे?"

"तेलना. भजानं दुकान शे मन्हं, परकाशाले. कढई उडस."

"मग तुम्ही एका तेलातून दुसऱ्या तेलात आले," करणसिंग म्हणाला आणि स्वतःच हसला. पितांबरशेठही हसले. स्वस्थवनात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदाच.

तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्याशी, सागाच्या झाडांमध्ये हे स्वस्थवन होतं. कुडाच्या दिसणाऱ्या पण आतून टाइल्स लावलेल्या खोल्या, मधोमध योगासनांचा मोठा मांडव, कडेला स्वयंपाकघर. सुरतेचे व्यापारी, पुण्या-नाशिकच्या बायका इथे शरीरशुद्धीला येत. पितांबरशेठ स्वतःच्या मनाने आले नव्हते. त्यांना मुलाने, योगेंद्रने, आणून सोडलं होतं.

त्याला कारण श्रावणात घडलं होतं. सोमवार होता, तापीकाठच्या प्रकाशा गावात केदारेश्वराच्या दर्शनाला आलेल्या लोकांची दुकानासमोर दाटी होती, कढईत साबुदाण्याचे वडे पोहत होते, आणि पितांबरशेठ उभ्याउभ्या कोसळले. शेजारी कामावरचा दलसिंग होता म्हणून बरं. त्याने पाठीमागून कवेत धरून ओढलं, नाहीतर तोंड कढईतच गेलं असतं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेल-तूप बंद सांगितलं, भट्टीपुढे उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. पितांबरशेठ आठवडाभर घरी बसले आणि पुन्हा कढईपुढे जाऊन उभे राहिले. दिवाळीची शेव, चकल्या दुसरं कोण तळणार होतं?

दिवाळी झाल्यावर मात्र योगेंद्र हट्टालाच पेटला. त्याने आजवर विमा विकून पाहिला होता, ठिबकच्या नळ्या विकून पाहिल्या होत्या, कशातच जम बसला नव्हता. शहाद्याच्या एका आरोग्य शिबिरात त्याची स्वस्थवनच्या वैद्य उमाकांतांशी ओळख झाली आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी त्यांचंच नाव होतं.

"थोडा दिन जाई या, आबा," तो म्हणाला. "मन्हासाठे जा."

मुलाने असं काही क्वचितच मागितलं होतं. पितांबरशेठनी मान हलवली. निघताना दलसिंगला म्हणाले, "कढई थंडी पडू देऊ नको."

"तू जाय शेठ. मी शे ना," दलसिंग म्हणाला.

दलसिंग दुकानात आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. लाकडं फोडायला आला आणि तिथेच राहिला. मग पीठ भिजवू लागला, मिरच्या चिरू लागला, आणि गेली कित्येक वर्षं कढईची एक बाजू त्याची, एक पितांबरशेठची, असं चाललं होतं. दोघं दिवसभरात फारसं बोलत नसत. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती.

स्वस्थवनात आत शिरल्याबरोबर मोबाइल काढून घेतले गेले. एका कापडी पिशवीत घालून, वर नाव लिहून ते कपाटात ठेवले. "मन शांत व्हायचं तर आधी हे दूर," वैद्य उमाकांत म्हणाले. पांढरा सदरा, मऊ आवाज. मग त्यांनी पितांबरशेठना झाडाखाली उभं करून एक फोटो काढला. प्रवासाने चुरगळलेला शर्ट, सुटलेलं पोट, उन्हामुळे बारीक झालेले डोळे. "आठवण म्हणून," ते म्हणाले.

पहिल्या जेवणाला पुढ्यात आलं मुगाचं कढण, उकडलेला दुधी आणि पातळ ताक. पितांबरशेठनी ताटाच्या आजूबाजूला पाहिलं. मिरची नव्हती, मीठ नव्हतं, फोडणीचा वाससुद्धा नव्हता. शेजारी बसलेल्या सुरतेच्या बाई डोळे मिटून एकेक घास चावत होत्या. पितांबरशेठनी वाटी तोंडाला लावली आणि पाणी प्यावं तसं कढण संपवलं. ती रात्र त्यांनी उपाशी पोटाने, या कुशीवरून त्या कुशीवर होत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधी तूप प्यायला लावलं. बाहेर जाऊन त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ते ओकून टाकलं आणि तोंड पुसत, दूरवर खाली दिसणाऱ्या रस्त्यावरची एसटी पाहत उभे राहिले. पळून जायचं मनात आलं, पण योगेंद्रला दिलेला शब्द आठवला.

संध्याकाळी कार्यालयातल्या फोनवरून घरी बोलायला मिळे. वैद्य समोरच बसलेले असत.

"दुकान कसं शे?"

"चांगलं शे, आबा. तुम्ही तठे डोकं शांत ठेवा."

"दलसिंगले दे."

"तो पीठ आणाले गया."

पुढच्या वेळी दलसिंग नदीवर अंघोळीला गेला होता. त्याच्या पुढच्या वेळी योगेंद्र म्हणाला, "त्याले बरं नही. घर गया तो."

"मंग कढईवर कोण शे?"

मग योगेंद्र म्हणाला, "मी शे ना."

पितांबरशेठनी फोन ठेवला आणि अंधारात आपल्या खोलीकडे जाताना त्यांना एकदम हसू आलं. योगेंद्र, ज्याला लहानपणापासून तेलाच्या वासाने मळमळायचं, जो मित्रांना घेऊन दुकानासमोरून जाताना दुसरीकडे पाहायचा, तो कढईवर बसला. सकाळी अंगाला तेल लावताना त्यांनी करणसिंगला ते सांगूनही टाकलं.

"मन्हा अंडोर कढईवर बठना."

"कोण?"

"मुलगा. मन्हा मुलगा."

"चांगलं झालं मग, बाबा," करणसिंग म्हणाला. त्याच्या तळव्याखालचा खांदा त्या दिवशी थोडा सैल होता.

त्यानंतर पितांबरशेठचे तिथले दिवस बदलले. तूप पोटात राहू लागलं. लाकडी पेटीत बसून, डोकं तेवढं बाहेर ठेवून घेतलेल्या वाफेनं अंगातून घामाच्या धारा लागत आणि त्या घामाला हिंगाचा, ओव्याचा वास येई. हळूहळू तो वासही गेला. एका दुपारी उकडलेल्या दुधीचा घास तोंडात असताना त्यांना जाणवलं, हा गोड लागतोय. साखरेसारखा नाही, दुसराच काहीतरी गोडवा. ते घास तोंडात तसाच धरून बसले. भट्टीच्या धुरापुढे आयुष्य गेल्यावर जिभेला एवढं बारीक कळतं, हेच ते विसरून गेले होते. रात्री झोप लागू लागली. सकाळी मांडवात हात वर करायचे तेव्हा उजवा हात कानाला टेकू लागला.

शवासनात पडलं की शिकवणारी मुलगी म्हणे, मनात काही आणू नका. पितांबरशेठच्या मनात मात्र नेमकं तेव्हाच सगळं येई. डोळे मिटले की पाठीमागून कवेत घेणारे दोन हात आठवत. आपण पडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दलसिंगने एकट्याने दुकान उघडलं होतं. आपल्यानंतर त्याचं काय, हा विचार इतक्या वर्षांत आपल्याला कधी शिवला नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. तिथे चटईवर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं. आता आपण खुर्चीवर बसायचं. कढई दलसिंगच्या हातात, दुकानात त्याचा निम्मा वाटा. नवीन पाटी करून घ्यायची, पाटीवर दोघांची नावं. योगेंद्र बसला असेल तर त्यालाही शिकवायचं. आणि सकाळच्या वेळी, नदीवरून अंघोळ करून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, भज्यांच्या शेजारी मुगाचं कढण ठेवायचं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन मूग किती वेळ भिजवता, किती शिजवता, ते विचारून घेतलं. सांगायची घाई झाली होती, पण फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. समोरासमोर सांगायची होती.

निघायच्या दिवशी वैद्यांनी पुन्हा फोटो काढला. या वेळी अंगावर स्वस्थवनचा पांढरा सदरा होता. मग मोबाइल समोर धरून ते म्हणाले, "दोन शब्द बोला, शेठ. जसं वाटतं तसं."

पितांबरशेठ ताठ उभे राहिले आणि शाळेत साहेबांसमोर बोलावं तसं बोलले. "इथलं जेवण साधं आहे. पोट हलकं वाटतं. झोप लागते. सगळी माणसं चांगली आहेत."

"तळलेलं म्हणजे विषच, असं म्हणा ना. तुमच्या तोंडून आलं तर लोक ऐकतील."

"विष कसं म्हणू? ताजं तेल असलं, माणसाला भूक असली, म्हणजे तेही अन्नच आहे."

वैद्य मंद हसले आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

योगेंद्र गाडी घेऊन न्यायला आला होता. वाटेत तो नेहमीपेक्षा जास्त बोलला, रस्त्याचं, पपईच्या भावाचं, कशाकशाचं. पितांबरशेठनी विचारलं, "कढई जमनी का तुले?" तेव्हा तो म्हणाला, "चला, दावस." गाडी घराकडे न वळता सरळ दुकानासमोर जाऊन थांबली.

दुकानासमोर माणसं उभी होती. झेंडूच्या माळा होत्या. लाल फीत होती. आणि वर, जिथे धुराने काळी पडलेली पत्र्याची पाटी होती, तिथे मोठा फ्लेक्स होता. त्यावर पितांबरशेठ दोनदा होते. एक सुटलेल्या पोटाचे, चुरगळलेल्या शर्टातले. एक पांढऱ्या सदऱ्यातले. मधे बाण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "आयुष्यभर मी लोकांना विष खाऊ घातले. आता अमृत देणार." त्याखाली त्यांचं नाव, आणि त्याखाली "स्वस्थवन विक्री केंद्र, प्रकाशा".

त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या बायकोच्या, निर्मलाबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. अंगावर नवी साडी होती. त्या ताटातल्या निरांजनाकडे पाहत होत्या. कुणीतरी पितांबरशेठच्या हातात कात्री दिली. समोर गावातली माणसं उभी होती, सरपंच होते, नदीवरचे पुजारी होते, सगळे हसऱ्या तोंडाने वाट पाहत होते. पितांबरशेठनी फीत कापली. टाळ्या झाल्या.

आत पांढऱ्या टाइल्स होत्या. काचेच्या कपाटांत चूर्णाचे डबे, काढ्याच्या बाटल्या, कढणाची तयार पाकिटं. भट्टी होती त्या जागेवर गादी घातलेली एक खुर्ची ठेवली होती.

"ही तुमची जागा," योगेंद्र लोकांसमोर शुद्ध मराठीत म्हणाला. "आबा, तुम्ही काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं. लोक तुम्हाला पाहतील, तेवढं पुरे आहे."

पितांबरशेठनी आवाज खाली ठेवून विचारलं, "दलसिंग कोठे शे?"

"त्याले सांगं मी. त्याना जो पैसा व्हता तो दी टाका. समजदार माणूस शे, काहीच बोलना नही."

"कव्हय सांगं?"

योगेंद्रने पलीकडे उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. "तुम्ही गयात त्याना दुसऱ्या दिवशी."

रात्री पितांबरशेठ घरी जेवायला बसले. निर्मलाबाईंनी त्यांच्यासाठी वेगळं, बिनमिरचीचं वरण केलं होतं. त्या ताट उचलत होत्या तेव्हा पितांबरशेठनी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

निर्मलाबाईंनी ओटा पुसला, मग फडका धुतला, पिळला.

"तुम्हले ईचारं अस्तं तर तुम्ही हां म्हणतात का?"

"नही."

"मंग?" त्या वळल्या. "त्या सोमवारले तुम्हले जमिनवर पडेल पाहं मी. बठ्ठा कपडा तेलमा भरेल. दलसिंगना हात भाजेल. तव्हयपाइन माले झोप नही. माले दुकान नको. माले माणूस पाह्यजे व्हता."

"दलसिंगना हात भाजना व्हता?"

"दिवाळीलगून पट्टी व्हती ना त्याना हातले," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुम्ही पाही नही?"

पितांबरशेठ आठवू लागले. काहीतरी पांढरं गुंडाळलेलं आठवलं. ते त्यांना पीठ लागलेलं फडकं वाटलं होतं. दिवाळीचं काम अंगावर होतं, आणि त्यांनी त्याला घाण्यामागून घाणा काढायला लावला होता, उशीर होतो म्हणून दोनदा ओरडलेही होते. बायकोवर रागवायचं म्हणून जे मनात जुळवून ठेवलं होतं, ते तसंच सोडून ते अंथरुणाकडे गेले.

सकाळी ते भिलाटीत, दलसिंग राहायचा त्या भिल्लवस्तीत, गेले. दुकानापासून भिलाटी लांब नव्हती, पण इतक्या वर्षांत ते एकदाही तिकडे गेले नव्हते. काम असलं की निरोप पाठवायचा आणि दलसिंग यायचा. घर कोणतं, हेसुद्धा त्यांना विचारत जावं लागलं. घराच्या दाराची कडी तारेने बांधलेली होती. शेजारच्या ओट्यावर दलसिंगची म्हातारी मावशी धनुबाई शेंगा फोडत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"शेठ का रे तू? ये. दलसिंग नही. टोळी उनी व्हती, गया तो. पोऱ्या गया, वऊ गयी. गुजरातले, ऊस तोडाले."

"ह्या वयमा?"

"मंग काय करी तो?" धनुबाई साधेपणाने म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "तुले फोन लाये तो. लई डाव लाया. लागेच ना. मंग म्हने, शेठ बिमार शे, त्याले तरास नको."

पितांबरशेठच्या डोळ्यांसमोर ती कापडी पिशवी आली, वर त्यांचं नाव लिहिलेली. ते ओट्याच्या कडेवर बसले. धनुबाई उठली, तांब्या भरून आणला आणि तो पुढे करू की नको, अशी क्षणभर उभी राहिली.

"पानी पेशी का?"

पितांबरशेठनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यायले. मग खिशातून मोबाइल काढून दलसिंगला लावला. बराच वेळ वाजून तो उचलला गेला. मागे माणसांचा गलका होता, ट्रॅक्टर चालू होता.

"शेठ," दलसिंग म्हणाला. "कसा शे तू?"

"बरा शे."

"नीट जेवस ना?"

"जेवस." पितांबरशेठनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "तुना हात कसा शे?"

"कोनता हात?"

"भाजना व्हता तो."

"तो कव्हयच बरा झाया, शेठ," तो म्हणाला.

स्वस्थवनातल्या चटईवर ठरवलेलं सगळं पितांबरशेठच्या जिभेपर्यंत आलं. तुझा वाटा, तुझं नाव, तुझी कढई. पण कढई, योगेंद्रने सांगितल्याप्रमाणे, शहाद्याच्या कुठल्या आचाऱ्याकडे गेली होती, पाटीच्या जागी फ्लेक्स होता, आणि भट्टीच्या जागी खुर्ची. परत ये म्हणावं, तर कशाकडे? आता हे त्याला सांगणं म्हणजे त्याच्याच डोक्यावर आणखी एक ओझं ठेवणं होतं.

"सांभाळीसन ऱ्हाय," ते म्हणाले.

"हां. तू बी. ठेवस, मुकादम बलाई ऱ्हायना."

पितांबरशेठनी मोबाइल खिशात टाकला. धनुबाई शेंगा फोडत राहिली. तिने मूठभर दाणे त्यांच्यापुढे ठेवले होते, त्यातले दोन-चार त्यांनी खाल्ले, आणि उठले.

परत येताना ते दुकानाच्या रस्त्याने आले नाहीत, मागच्या बोळातून चौकात निघाले. तिथे पानाच्या टपरीवर उभा असलेला एकजण त्यांना पाहून पुढे आला.

"काय शेठ, वळखूच येतस नही. दहा वर्ष तरणा दिसतस. काय जादू करी तठे?"

"साधं जेवण," पितांबरशेठ म्हणाले.

"आम्हले बी जावाले पाह्यजे."

"जा ना."

तो माणूस अजून काही बोलणार होता, पण पितांबरशेठ पुढे निघाले होते. कमरेची पँट फार सैल झाली होती. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही ती खाली घसरत होती. एका हाताने ती मुठीत धरून ते उन्हातून घराकडे चालत राहिले.